वाचकांचे प्रश्न : लिनक्सचा आवाज कसा निवडावा?

प्रश्न : मी जन्मतः अंध असून गेली नऊ वर्षे विंडोजवर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने लेखन, ई-मेल आणि थोडे हिशेबाचे काम करतो. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ ला चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. म्हणून लिनक्स बसवावे असा विचार आहे. मात्र कोणते लिनक्स घ्यावे हे विचारले की प्रत्येक जण वेगळे नाव सांगतो आणि बसवताना शेजारी डोळस माणूस हवाच, असेही ऐकवतो. शिवाय अल्सा, पल्सऑडिओ, पाइपवायर अशी आवाजाची तीन-चार नावे कानांवर येतात. त्यांपैकी आपण काय निवडायचे असते?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवट आधी घेतो, कारण तो उलगडला की डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाची, निवड निम्म्याहून सोपी होते. ही सगळी नावे एकमेकांना पर्याय नाहीत. त्यांतली बरीचशी एकावर एक बसलेली आहेत. सर्वांत खाली अल्सा असते. साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारे ड्रायव्हर तिच्यात असतात आणि ती कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. तिच्यावर ध्वनी-सर्व्हर बसतो आणि गाणे, व्हिडिओ कॉल, स्क्रीन रीडर या सर्वांचे आवाज एकत्र करून खाली पाठवतो. हे काम पूर्वी पल्सऑडिओ करीत असे; फेडोरा या डिस्ट्रोने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून ते पाइपवायरकडे सोपवले आणि पुढे उबंटूनेही तीच वाट धरली. सर्व्हरच्या वर स्पीच डिस्पॅचर असतो. कोणते वाक्य आधी बोलायचे आणि कोणते मध्येच तोडायचे हे तो ठरवतो व मजकूर ईस्पीक एनजीसारख्या बोलणाऱ्या इंजिनाकडे देतो. सर्वांत वर ओर्का हा स्क्रीन रीडर, ज्याच्याशी आपला दिवसभर संबंध येतो. नळ कोरडा पडला की आपण आधी तोटी, मग गच्चीवरची टाकी, मग पंप असे एकेक तपासत जातो. लिनक्सचा आवाज गेल्यावरही नेमके तेच करावे लागते.

फरक इतकाच की डोळस माणसाचा आवाज गेला तर त्याचे गाणे थांबते, आणि आपला आवाज गेला तर पडदाच जातो. बिघाडाची सूचना पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली असते, पण ती वाचून दाखवणाराच मुका झालेला असतो. म्हणून अंध वापरकर्त्याने डिस्ट्रो निवडताना कोणता आवाज गोड आहे किंवा कोणता डेस्कटॉप देखणा आहे हे मागाहून पाहावे. एकट्याने, रात्री अकरा वाजता, कोणालाही फोन न करता आवाज परत आणता येईल का, हे आधी पाहावे. या कसोटीवर मी आपणांस डेबियन सुचवीन.

डेबियनचा इन्स्टॉलर स्वतः बोलतो. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू झाला की निवडपट तयार झाल्याची खूण म्हणून ‘बीप’ वाजते. त्यानंतर ‘एस’ हे अक्षर दाबून एंटर दिले की ईस्पीकच्या आवाजात प्रश्न ऐकू येऊ लागतात आणि आपण आकडे टाइप करून उत्तरे देत पुढे सरकतो. संगणकात एकाहून अधिक साउंड कार्डे असतील, तर प्रत्येकावर पाळीपाळीने आवाज काढला जातो आणि ज्या वेळी आपल्याला तो ऐकू येईल त्या वेळी एंटर दाबायचे असते. ज्याने हे सुचवले असेल त्याला आपली अडचण पुरती ठाऊक असली पाहिजे. बोलत्या इन्स्टॉलरने बसवलेली प्रणाली पहिल्यांदा सुरू होते तीही बोलतच. दुसऱ्या दिवशी ‘आता ओर्का कुठून चालू करू?’ असा प्रश्न पडत नाही. इन्स्टॉलरची भाषा मात्र इंग्रजीच ठेवावी, कारण देवनागरीची खरी सोय डेस्कटॉप आल्यानंतरची आहे.

डेबियन १२ पूर्वी एक मोठा अडसर होता. इंटेलच्या अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत साउंड चिप जागी करायला निर्मात्याचे वेगळे फर्मवेअर लागते, आणि ते डेबियनच्या मुक्ततेच्या निकषांत बसत नसल्यामुळे अधिकृत प्रतीत नसे. परिणामी ज्याला आवाजाची सर्वाधिक गरज, त्याच्याच पुढ्यात मुका इन्स्टॉलर येई. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीत घेण्याचे ठरवले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते मिळू लागले. तत्त्वाला मुरड घातली म्हणून तेव्हा काहींनी नाके मुरडली; माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. आपण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली १३ वी आवृत्ती घ्यावी.

डोळस माणूस लागेलच का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की एका टप्प्यावर लागू शकतो. लॅपटॉपचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाचा मूळ प्रोग्रॅम, बोलत नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याची कळ कोणती आणि सिक्युअर बूट चालू आहे की बंद, हे ठरवेपर्यंत एखाद्या मित्राला व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवावा लागतो. हा दोष लिनक्सचा नाही, विंडोज नव्याने बसवतानाही तीच भिंत आडवी येते. त्या पाच मिनिटांनंतर मित्राने फोन ठेवला तरी चालते.

तत्पूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. उबंटूची किंवा ग्नोम डेस्कटॉप असलेली अन्य कोणतीही लाइव्ह प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून, डिस्कला हात न लावता, लॅपटॉप तिच्यावर सुरू करून पाहावा. डेस्कटॉप आला असे वाटल्यावर ऑल्ट, सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आणि ‘एस’ या तिन्ही कळा एकत्र दाबाव्यात. ओर्का बोलला, तर आपले साउंड कार्ड लिनक्सला ओळखीचे आहे. न बोलल्यास लगेच निराश होऊ नये. हेडफोन लावून पाहावा, आवाजाची कळ चार-सहा वेळा दाबावी आणि तरीही शांतताच असेल, तर बाजारात काहीशे रुपयांत मिळणारे यूएसबी साउंड कार्ड लावून संगणक पुन्हा सुरू करावा. अंगठ्याएवढ्या या वस्तूला बहुधा वेगळे फर्मवेअर लागत नाही, कारण तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून असतो. ती तशीही विकत घेऊन ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने देतो.

लिनक्समध्ये डेस्कटॉपखेरीज कन्सोल असते, म्हणजे चित्रांविना केवळ अक्षरांचा पडदा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबले की तिथे जाता येते. तिथे ओर्का चालत नाही, स्पीकअप बोलतो. स्पीकअप हा कर्नेलच्या आतला स्क्रीन रीडर असून एस्पीकअप नावाचा दुवा त्याचे बोलणे ईस्पीककडे पोहोचवतो. हा मार्ग पाइपवायरला वळसा घालून थेट अल्साकडे जातो, आणि त्यातच त्याचा गुण आणि दोष दोन्ही आहेत. गुण असा की डेस्कटॉप, पाइपवायर, स्पीच डिस्पॅचर सगळे कोसळले तरी कन्सोल बोलत राहते. दोष असा की लॅपटॉपातले साधे साउंड कार्ड एका वेळी एकालाच दार उघडते. एस्पीकअप आधी आत शिरला, तर पाइपवायर बाहेर उभा राहतो आणि ओर्का मुका होतो. ‘लिनक्स बसवले, कन्सोल बोलते, पण डेस्कटॉप बोलत नाही’ अशी पत्रे आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यांतल्या बऱ्याच पत्रांमागे हेच भांडण असते. त्यावर अनेक उपाय सुचवले जातात. मला सर्वांत निर्वेध वाटलेला उपाय वाटण्यांचा आहे : आतले कार्ड डेस्कटॉपला आणि यूएसबीचे कार्ड कन्सोलला. एस्पीकअपच्या सेटिंगच्या फाइलीत कार्डाचे नाव एकदा लिहून ठेवले की दोघांचे दार वेगळे होते.

याचा उपयोग मला गेल्या पावसाळ्यात झाला. कामासाठी घरात नवा मॉनिटर आला, तो एचडीएमआयच्या वायरने जोडला, अपडेट केले, संगणक पुन्हा सुरू केला आणि ओर्का गप्प. ऑल्ट, सुपर, एस दाबून पाहिले, काही नाही. कंट्रोल, ऑल्ट, एफ ३ दाबताच यूएसबी कार्डाला लावलेल्या हेडफोनमधून स्पीकअपने नेहमीच्या निर्विकार आवाजात माझे नाव आणि पासवर्ड मागितला. आत गेल्यावर ‘डब्ल्यूपीसीटीएल’, एक जागा, ‘स्टेटस’ ही आज्ञा दिली. ती पाइपवायरला ठाऊक असलेल्या सर्व ध्वनी-वाटांची यादी देते आणि चालू वाटेपुढे चांदणी असते. स्पीकअपने ‘स्टार’ म्हटले आणि पाठोपाठ ‘एचडीएमआय’. ओर्का मुका झालाच नव्हता. तो मॉनिटरकडे बोलत होता, आणि त्या मॉनिटरला स्पीकर नव्हता. त्याच आज्ञेने आतल्या स्पीकरचा क्रमांक देऊन ती वाट मुख्य केली, कंट्रोल-ऑल्टसोबत डेस्कटॉपची एफ-कळ दाबून परतलो, तर ओर्का अर्ध्या वाक्यापासून वाचत होता. घरातली माणसे तोवर जेवायला बसली होती.

डेस्कटॉपविषयी थोडक्यात. जुन्या लॅपटॉपवर माटे हा हलका आणि ओर्काशी जुनी ओळख असलेला डेस्कटॉप घ्यावा. चार-पाच वर्षांच्या आतले यंत्र असेल तर ग्नोम. एनव्हीडीएची सवय वाया जात नाही. ओर्काची मुख्य कळही इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक हीच आहे, आणि फायरफॉक्समध्ये ‘एच’ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते, हेही तसेच. लिबरऑफिसमध्ये मात्र पहिला महिनाभर आपली चिडचिड होईल, हे आधीच सांगून ठेवतो.


प्रश्न : मी शिक्षिका आहे आणि मला अंधुक दिसते. लिनक्सवर ओर्का चांगला चालतो, पण थोडा वेळ थांबून कळ दाबली की पहिला शब्द गिळला जातो. एकेक अक्षर टाइप करताना तर अक्षर ऐकूच येत नाही. ईस्पीक बदलून पाहिले, फरक पडला नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ईस्पीकचा यात दोष नाही, तो पूर्ण शब्द बोलतो आहे. वीज वाचवण्यासाठी साउंड चिप काही सेकंदांच्या शांततेनंतर झोपते आणि तिला जागे व्हायला जो क्षणभर लागतो, तेवढ्यात शब्दाचे तोंड निघून जाते. गाणे ऐकणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण गाण्याच्या आरंभी पाव सेकंद गेला तर बिघडत नाही. ‘क’ हे अक्षर मात्र तेवढ्या वेळात संपूनही जाते.

झोपवणारे दोघे आहेत आणि दोघांनाही आवरावे लागते. एकालाच आवरून ‘काही झाले नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात. पहिला पाइपवायरचा सोबती वायरप्लंबर. तो नेहमीच्या सेटिंगनुसार ५ सेकंद कोणी बोलले नाही की कार्ड मिटवतो. ती मुदत शून्य केली की मिटवणे थांबते. दुसरा कर्नेलमधला इंटेल एचडीए ड्रायव्हर, ज्याच्या ‘पॉवर सेव्ह’ या घटकाला शून्य हे मूल्य द्यावे लागते. दोन्ही बदल एकेका ओळीच्या मजकूर-फाइलीत होतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर लागू होतात. फाइलींत काय लिहायचे ते आपल्या शाळेतील संगणक-शिक्षकांना डिस्ट्रोच्या मदत-पानांवर सापडेल. शोधताना या दोन घटकांची नावे पुरतात. बॅटरी थोडी लवकर उतरेल, तेवढे सोसावे.

आपण ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल, तर हे सारे करूनही तक्रार उरेल. ब्लूटूथमध्ये आवाज आधी बांधून, मग पाठवून, मग सोडवून ऐकवला जातो, आणि कळ दाबल्यापासून अक्षर ऐकू येईपर्यंतचा तो विलंब टाइप करणाऱ्याच्या बोटांना खुपतो. पुस्तक ऐकायला ब्लूटूथ ठीक आहे. उत्तरपत्रिकांचे गुण भरताना वायरचा हेडफोनच लावावा.


प्रश्न : फोनवर मराठी आवाज माणसासारखा वाटतो, लिनक्सवर मात्र तो यंत्रमानवासारखा का? चांगला मराठी आवाज कोणता निवडावा?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : ईस्पीक एनजीत मराठी आहे, आणि ती नियमांवर चालणारी आहे. फोनमधील आवाज माणसाच्या ध्वनिमुद्रणातून घडवलेले असतात; ईस्पीक मात्र बहुतेक ध्वनी गणिताने नव्याने निर्माण करतो. म्हणून तो अवघ्या काही एमबींत मावतो, जुन्या यंत्रावरही कळ दाबताच बोलतो आणि वेग वाढवला तरी त्याचे उच्चार फुटत नाहीत. त्याचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्द आहे आणि तो ४५० पर्यंत नेता येतो. सराईत अंध वापरकर्ते साडेतीनशेच्या आसपास ऐकतात, तेव्हा शेजारी बसलेल्या डोळस माणसाला ती मराठी आहे हेही कळत नाही. त्या वेगाला गोड आवाज बहुधा चिकट होतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात.

त्याच्या मर्यादाही ऐकून ठेवा. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, पण लिहिण्यात तो भेद उमटत नाही. ‘हे जग’ यातला ‘ज’ आणि ‘सुखाने जग’ यातला ‘ज’ आपण अर्थावरून ओळखतो. नियमांनी बोलणाऱ्या इंजिनाला अर्थ कळत नाही. दोन-चार आठवड्यांत कान स्वतःच दुरुस्ती करू लागतात.

निवड म्हणाल, तर ओर्काच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ईस्पीक एनजी आणि भाषा मराठी ठेवावी. रोमन लिपीतला शब्द आला की मराठी ईस्पीक तो इंग्रजी पद्धतीने उच्चारतो, त्यामुळे मराठी पत्रातली इंग्रजी नावे कानाला अडखळत नाहीत. दिवसभर इंग्रजीच वाचायचे असेल, तर ओर्कामध्ये दुसरे प्रोफाइल करून तिथे इंग्रजी आवाज ठेवावा. एखाद्या कादंबरीसाठी मधुर आवाज हवा असेल, तर ती फोनवर ऐकावी. त्यात कमीपणा नाही, मीही तेच करतो.

आणखी एक गोष्ट आवाजाच्या खात्यावर नाहक मांडली जाते. जुन्या डीटीपीच्या फॉन्टांत टाइप केलेली फाइल उघडली की ईस्पीक काहीतरी असंबद्ध बडबडतो आणि आपण त्याला दोष देतो. त्या फॉन्टांत देवनागरीच्या आकारांखाली रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात : डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसते आणि स्क्रीन रीडरच्या हाती अक्षरांचा चिवडा लागतो. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावी लागते. जगातला कोणताही आवाज ती तशीच वाचू शकणार नाही.


प्रश्न : खास अंधांसाठी तयार केलेले लिनक्स असते असे ऐकले. ते घेऊ का? ब्रेल डिस्प्ले त्यावर चालेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : विनक्स आणि सोनार ही अशी दोन नावे एकेकाळी गाजली आणि दोन्ही बंद पडली. दोन-तीन माणसांच्या उत्साहावर चाललेला प्रकल्प ती माणसे थकली की थांबतो, आणि आपण सुरक्षा-दुरुस्तीविना उरतो. स्लिंट आजही नेटाने चालू आहे, पण नवख्याने मोठ्या डिस्ट्रोचा बोलता मार्गच धरावा. ब्रेल डिस्प्लेसाठी बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम १९९५ पासून आहे. डेबियनचा इन्स्टॉलर यूएसबीने जोडलेले बहुतेक डिस्प्ले आपोआप ओळखतो. डिस्प्ले महाग असतो. ज्याच्याकडे तो आहे, त्याला मात्र वरच्या साऱ्या आवाजाच्या भांडणांपासून सुटका आहे.


प्रश्न : मी संगणकशास्त्राचा अंध विद्यार्थी आहे. प्रोग्रॅमिंगसाठी ईमॅक्सपीक शिकावे असे एका सरांनी सुचवले. ओर्का असताना त्याची गरज आहे का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : सरांनी सुचवले ते विचारपूर्वक असावे, आणि ते पुण्यातल्या विद्यार्थ्याला सुचवले हे विशेष. ईमॅक्सपीकचे कर्ते टी. व्ही. रामन पुण्यातच वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग आयआयटी मुंबई आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ असे त्यांचे शिक्षण झाले. तिथे १९९४ मध्ये त्यांनी पीएचडीसाठी जी प्रणाली केली, ती गणिताची सूत्रे ऐकवीत असे. तिला त्यांनी आपल्या मार्गदर्शक कुत्र्याचे, ॲस्टरचे, नाव दिले. ईमॅक्सपीक त्यानंतरचे, १९९५ चे.

ओर्का आणि त्यात मूलभूत फरक आहे. ओर्का पडद्यावर जे आहे ते विचारून घेतो आणि वाचतो. ईमॅक्सपीक ईमॅक्स या संपादकाच्या आत राहतो, त्यामुळे समोरची ओळ म्हणजे कोडमधली टिप्पणी आहे, फंक्शनचे नाव आहे की अवतरणातला मजकूर, हे त्याला ठाऊक असते आणि तो प्रत्येकाला वेगळ्या सुरात बोलतो. टिप्पणी खालच्या सुरात आली की ती कोड नाही, हे शब्द कळण्याआधीच कळते. फाइल उघडली, बंद झाली, चूक झाली, यांसाठी छोटे ध्वनी आहेत. अवतरणचिन्ह बंद करायला विसरलात, तर पुढची सगळी ओळ अवतरणाच्या सुरात ऐकू येते आणि चूक तिथल्या तिथे सापडते. डोळस मुलांना हेच रंग बदलल्यामुळे दिसते.

तरी घाई करू नका. ईमॅक्सच्या कळांची सवय व्हायला एक सत्र सहज जाते, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सगळे व्हीएस कोड हा संपादक वापरत असतील, तर गटात काम करताना ओर्का आणि व्हीएस कोड हीच जोडी पुढे नेईल. सुटीत ईमॅक्सपीक बसवा, स्पीच सर्व्हर म्हणून ईस्पीक निवडा आणि आपणच मागच्या सत्रात लिहिलेला, चालणारा एखादा प्रोग्रॅम त्यात उघडून ऐका. कोड ओळखीचा असला की वेगवेगळे सूर कशासाठी आहेत ते लवकर कानांत बसते.